किती मात्रा, कोणता पाय, कोणाचा शब्द

“मला नाचता येत नाही” म्हणणाऱ्या माणसाला मी एवढंच विचारतो, अनंत चतुर्दशीला कुठे असतोस? हा माणूस त्या दिवशी दुपारी तीनला लालबागच्या गर्दीत दोन्ही हात वर करून असतो. डोक्यावर गुलाल, पायात एकच चप्पल. ढोल थांबला की तोही थांबतो, ढोल उठला की तोही उठतो. म्हणजे ताल कळतो, अंग हलतं. जमत नाही ते इतकंच, की दिवसाढवळ्या, चार अनोळखी माणसांसमोर, कुणीतरी सांगितलेलं पाऊल सांगितल्या वेळी टाकायचं. शनिवार-रविवारच्या नृत्यमहोत्सवात नेमकं हेच करायचं असतं, आणि तेही तासाला एक नवा नाच या हिशेबाने.

थंडी पडली (मुंबईत जेवढी पडते तेवढी) की असे कार्यक्रम सुरू होतात. काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून भरतो, नऊ दिवस चालतो आणि त्यात दोन शनिवार-रविवार मिळतात. त्याशिवाय कॉलेजं, नाट्यगृहं, जिमखाने आपापले छोटे मेळे भरवतात. सकाळी कोळी नृत्य, दुपारी साल्सा, संध्याकाळी कुठल्याशा युरोपी गावातला गोलातला नाच, असा तिथला बेत असतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ४२ वर्षांचा होतो. पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात सहा वर्गांत शिरलो. संध्याकाळी एकाही नाचाचं एक पाऊल आठवत नव्हतं आणि दादर स्टेशनचा जिना कठड्याला धरून उतरलो. पुढच्या पाच वर्षांत जे शहाणपण आलं ते इथे दिवसावार लिहितो.

त्याआधी बाबांची गोष्ट. बाबा गुहागरकडचे. श्रावण लागला की आमच्या चाळीच्या गच्चीवर जाखडीची, म्हणजे ज्याला मुंबईत बाल्या नाच म्हणतात त्याची, तालीम सुरू व्हायची. गिरणी बंद पडली तरी तालीम बंद पडली नाही. मी कोपऱ्यात बसून पाय बघायचो आणि नक्कल करताना हटकून चुकायचो. बाबा म्हणायचे, “पायांकडे काय बघतोस? मृदंगाकडे कान दे.” तेव्हा मला वाटायचं, हे उडवून लावतायत. आता कुठल्याही नव्या नाचाच्या वर्गात उभा राहिलो की पहिल्या पाच मिनिटांत मी तीन गोष्टी शोधतो. किती मात्रा मोजायच्या, कोणत्या पायावर वजन आहे, आणि इथे शब्द कोणाचा चालतो, ढोलकीवाल्याचा, जोडीदाराचा की समोरच्या काकूंचा. ही तीन उत्तरं मिळाली की हात, मान, कंबर हळूहळू मागून येतात. नाही आली तरी नाच होतो.

आठवडाभर आधी : पत्रिका नीट वाचा

कार्यक्रमपत्रिकेत तीन प्रकारची सत्रं असतात आणि नवखा माणूस इथेच फसतो. ‘सादरीकरण’ म्हणजे आपण खुर्चीत बसायचं. ‘सप्रयोग व्याख्यान’ किंवा ‘लेक-डेम’ म्हणजे कलाकार बोलणार, मधेमधे करून दाखवणार, फार तर शेवटी दहा मिनिटं प्रेक्षकांना उठवणार. ‘कार्यशाळा’ लिहिलं असेल तरच आपले पाय हलणार. कार्यशाळेपुढे ‘नवशिक्यांसाठी’ किंवा ‘सर्वांसाठी खुली’ हे शब्द आहेत का ते बघा. नसतील तर फोन करून विचारा. बऱ्याच कार्यशाळा मोफत असल्या तरी नाव आधी नोंदवावं लागतं, आणि जागा तीस-चाळीस असल्या तर त्या संपतात.

दिवसाला तीनच निवडा. माझा हिशेब असा असतो : एक नाच आपल्या मातीतला, एक गोलात हात धरून करायचा, एक जोडीचा. दोन उड्यांचे नाच एका दिवशी ठेवू नका. भांगडा आणि आयरिश नाच एकामागोमाग केलेले माझे एक मित्र दोन दिवस पश्चिमेकडचं कमोड असलेलं घर शोधत होते. गुडघ्याचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर उड्यांचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. तारपा, तान्को बुशी, टँगो या बिनउड्यांच्या नाचांत तुम्हाला भरपूर करण्यासारखं आहे.

शुक्रवारी रात्री : पिशवी, आणि मुख्य म्हणजे पायताण

मुंबईत नाचाचं खरं संकट घाम. जानेवारीतही दुपारच्या मांडवात वीस मिनिटांत सदरा अंगाला चिकटतो. म्हणून दोन सुती टी-शर्ट, एक छोटा टॉवेल, पाण्याची मोठी बाटली आणि मिठा-साखरेचं लिंबूपाणी किंवा कोकम सरबत. जोडीच्या नाचाआधी टी-शर्ट बदलणं हा समोरच्यावर केलेला उपकार आहे. खायला केळी आणि शेंगदाण्याची चिक्की. वडापाव मैदानाबाहेर खुणावत असतो, तो शेवटच्या वर्गानंतर.

बायकांनी ओढणी कमरेला घट्ट बांधावी, बांगड्या आणि टोकदार अंगठ्या घरी ठेवाव्यात. लांब मंगळसूत्र गिरकीत समोरच्याच्या नाकावर बसतं, ते आत सरकवून पिन लावावी. पुरुषांनी जीन्स टाळावी. गुडघा वाकत नाही आणि वाकला तर शिवण उसवते.

आता पायताण. यावर जरा रेंगाळतो, कारण नवख्यांची बहुतेक दुखणी इथून येतात. धावायचे बूट जमिनीला चिकटण्यासाठीच बनवलेले असतात. नाचात गिरकी घेताना तळवा फिरायला हवा. बूट चिकटून बसतो, अंग फिरतं आणि मधला पीळ गुडघ्याला बसतो. त्यामुळे गुळगुळीत तळाचे, बोटांशी वाकणारे, टाचेला घट्ट बसणारे बूट न्या. तसे नसतील तर एक जुना मोजा घ्या, टाचेचा भाग कापून टाका आणि बुटाच्या पुढच्या अर्ध्या भागावरून चढवा. दिसायला गबाळं दिसतं, पण गिरकी लोण्यासारखी होते. फरशीवर मात्र हा मोजा काढून टाका, नाही तर सरळ आडवे व्हाल.

आपल्याकडचे बहुतेक नाच अनवाणी. पण अनवाणी कशावर, तेही बघायचं. दुपारच्या डांबरी रस्त्यावर तळवे भाजतात, हिरव्या मॅटिंगवर घासून फोड येतात, आणि सिमेंटवर तास-दीड तास टाचा आपटल्या तर दुसऱ्या दिवशी नडग्या दुखतात. लाकडी रंगमंच मिळाला तर देवाला नमस्कार करा आणि हवं तेवढं नाचा.

शनिवारी सकाळी, घरीच : दहा मिनिटांचा गृहपाठ

दात घासताना एका पायावर उभे राहा. मग वजन दुसऱ्या पायावर न्या. ज्या पायावर वजन आहे तो उचलता येत नाही. हे वाचायला बावळट वाटतं, पण नाचातल्या दहांतल्या आठ चुका याच आहेत. शिकवणारा म्हणतो ‘डावा पाय’, आणि आपलं वजन डाव्यावरच अडकलेलं असतं. मग आपण एक चोरटं जादा पाऊल टाकतो आणि तिथून पुढे सगळ्या वर्गाच्या उलटे चालतो. म्हणून पाय नुसता टेकवला आहे की त्यावर वजन दिलं आहे, हा फरक आधी अंगात मुरवा. चालत दहा पावलं टाका, प्रत्येक चौथं पाऊल नुसतं टेकवा. झालं, ही बचाता नावाच्या जोडीच्या नाचाची निम्मी तयारी.

दुसरा गृहपाठ टाळीचा. मोबाइलवर दादरा लावा आणि सहाच्या पहिल्या मात्रेवर टाळी द्या. मग केरवा, आठाचा. मग रूपक, सातांचा : तीं तीं ना, धी ना, धी ना. तीन, दोन, दोन. हा रूपक का, ते पुढे सांगतो.

पोचल्यावर : कुठे उभं राहायचं

नवखे लोक लाजून शेवटच्या रांगेत उभे राहतात. मग शिकवणारा म्हणतो, “आता सगळे मागे वळा,” आणि शेवटची रांग पहिली होते. समोर बघायला कोणी नाही, मागे सगळा वर्ग तुमच्याकडे बघतोय. माझं असं दोनदा झालं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या रांगेच्या मध्यावर उभे राहा, म्हणजे कुठल्याही दिशेला तोंड केलं तरी नक्कल करायला कोणी ना कोणी असतं.

गोलाच्या नाचात नियम वेगळा. बरेचसे गोल उजवीकडे, घड्याळाच्या उलट सरकतात. म्हणून जाणकार माणूस तुमच्या उजव्या हाताला हवा, पुढचं पाऊल आधी त्याचं पडतं. गोलात समोरच्याचं बघून करू नका, तो आरशासारखा उलटा दिसतो आणि डावं-उजवं हमखास चुकतं.

आपल्या मातीतले

सुरुवात कोळी नृत्याने करा. चाल जलद दादऱ्याच्या अंगाची, एक-दोन-तीन चार-पाच-सहा. कान सरावलेला असतो, कारण लग्नाच्या हळदीत ही चाल ऐकली नाही असा मुंबईकर नाही. वल्हवणं, जाळं फेकणं, जाळं ओढणं या हालचाली लगेच ओळखू येतात, आणि सगळे हातांच्या मागे लागतात. हात सोडा. गुडघे सैल ठेवा, होडीत उभे आहात असं समजा. पाणी खालून उचलतं आणि सोडतं, तेवढंच अंग वरखाली. ते जमलं की वल्हं आपोआप चालतं. रंगमंचावरचं कोळी नृत्य बेतीव असतं, रांगा आणि आकृत्या असलेलं. वरळीच्या किंवा वर्सोव्याच्या कोळीवाड्यात बँडवर हळद नाचतात ती सैल आणि जास्त मजेची. आमंत्रण मिळालं तर चुकवू नका.

तारपा नाचाचं चित्र तुम्ही शेकडो वेळा पाहिलंय, कुर्त्यांवर आणि चहाच्या कपांवर. मध्ये वाद्य वाजवणारा माणूस, भोवती माणसांचा वेटोळं घालत गेलेला साप. हा वारल्यांचा नाच, पालघर जिल्ह्यातला, पण लांब जायला नको. आरेत आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही वारली पाडे आहेत. तारपा हे वाद्य दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांचं बनतं. हात एकमेकांच्या कमरेभोवती, पावलं छोटी, अंग एकमेकांना लागलेलं. मात्रा मोजायच्या भानगडीत पडू नका. इथे शब्द तारपेवाल्याचा. त्याने चाल बदलली की पावलं बदलतात, तो वळला की साखळी वळते. त्यामुळे शहरी माणसाला तारपा पहिल्या दहा मिनिटांत कंटाळवाणा वाटतो. पुढच्या दहा मिनिटांत तो विसरतो की कंटाळा आला होता.

लेझीम शाळेत बहुतेकांनी धरलेली असते. गाठीशी ती आठवण असेल तर पहिला वर्ग तोच घ्या, धीर येतो. फक्त गावाकडची घोईची लेझीम शाळेतल्यापेक्षा जड असते. खांदे भरून येतात, मध्ये थांबा.

लावणीच्या कार्यशाळेबद्दल दोन शब्द जास्त. तिथे पुरुषही असतात, असावेत, लावणीत पुरुषांनी नाव काढलेलं आहे. तासाभरात एक ठेका, एक चाल आणि दोन अदा यापलीकडे काही मिळत नाही, आणि एवढंच पुष्कळ आहे. बघायचं ते ढोलकी आणि नाचणारीचं बोलणं. ढोलकीवाला एक बोल टाकतो, ती पायातल्या चाळांनी, म्हणजे घुंगरांनी, उत्तर देते. कधी तीच विचारते आणि त्याला पळवते. शब्द कोणाचा, याचं उत्तर लावणीत दर ओळीला बदलतं. आणि पायच पाहिजेत असंही नाही. बैठकीची लावणी बसून, नुसत्या चेहऱ्याने आणि हाताने होते. यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली ती याच कलेतल्या थोरवीसाठी. ज्या घरांतून ही कला आली त्या बायकांनी तिच्यापायी फार सोसलंय. कार्यशाळेत शिट्ट्या मारणारा, फेटा उडवणारा एखादा असतोच. तो तुम्ही होऊ नका.

गरब्याबद्दल मुंबईकराला काय सांगायचं! दोन टाळी, तीन टाळी. बोरिवली-घाटकोपरला राहत असाल तर तुम्हीच मला शिकवाल. २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला, बाकी तुम्हाला माहीत आहेच.

बाहेरचे, पण ओळखीचे

आता रूपक. एका महोत्सवात ग्रीक नाचाचा वर्ग होता, कलामातियानोस नावाचा. गोल, हातात हात, पावलं बारा. शिकवणाऱ्या बाई इंग्रजीत सांगत होत्या, “लांब, आखूड, आखूड.” वर्ग अडखळत होता. इंग्रजी गाणी ऐकणाऱ्या मुलांचा कान चारात किंवा आठात बसलेला, सातवी मात्रा आली की ती पोरं एक पाऊल उधार घेत होती. माझ्या शेजारी साठीच्या एक बाई होत्या, गिरगावातल्या, भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या. तिसऱ्या फेरीला त्या पुटपुटल्या, “अहो, हा तर रूपक!” तीन, दोन, दोन. त्यानंतर त्या एकदाही चुकल्या नाहीत. मी त्यांचा हात धरून बाराही पावलं पार केली. बाल्कनच्या बाजूला असे विषम तालांचे नाच खूप आहेत, पाचांचे, सातांचे, नवांचे. युरोप-अमेरिकेतली माणसं ते बोटांवर मोजून शिकतात. आपल्याकडे रूपक आणि झपताल घरात असतात, फक्त ते पायांत उतरवायचे.

जपानी तान्को बुशी तर नवशिक्यासाठीच बनवल्यासारखा आहे. उन्हाळ्यात पितरांच्या सणाला, ओबोनला, गोलात नाचतात त्यांतला हा, आणि गाणं कोळसा खाणीतल्या मजुरांचं. हालचाली अशा : खणा, खणा, पोतं खांद्यावरून मागे टाका, टाका, कपाळाशी हात धरून चंद्राकडे बघा, गाडी ढकला, ढकला, हात उघडा, टाळी. संपलं, पुन्हा पहिल्यापासून. कोळी वल्हवतो, जपानी मजूर खणतो. सकाळी एक आणि दुपारी दुसरा केला की कामाचा नाच कसा होतो ते भाषणावाचून कळतं.

गोलांमध्ये कुठे कुठे दोघांनी हात धरून भरभर फिरायचं असतं, आयरिश आणि इंग्लिश नाचांत विशेषतः. पुरुष घाबरतात, बायका हसतात. कारण ही फुगडी आहे. पाय जवळ, अंग मागे, समोरच्याच्या वजनावर आपलं वजन टांगायचं. मंगळागौर जागवलेली कुठलीही मावशी या वर्गात शिकवणाऱ्यापेक्षा चांगली फिरते. फुगडीसारखंच इथेही मनगट पकडा, बोटं नव्हे. बोटं सुटतात.

जोडीचे नाच

इथे मराठी माणसाची खरी परीक्षा. लाज पावलांची नसते, अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात ठेवायची असते. पहिला वर्ग मेरेंगेचा मिळाला तर उत्तम. डॉमिनिकन रिपब्लिकमधला नाच, प्रत्येक मात्रेला एक पाऊल, शाळेतल्या संचलनासारखं डावा-उजवा-डावा-उजवा. पाय मोकळे राहतात आणि लाजेला सामोरं जायला वेळ मिळतो. बचाताही तिथलाच : तीन पावलं बाजूला, चौथ्याला नुसता टेका. सकाळी दात घासताना केलंत तेच.

साल्सा तिसरा घ्या, पहिला नको. आठ मात्रा, पण पावलं सहा : एक-दोन-तीन, थांबा, पाच-सहा-सात, थांबा. चार आणि आठ रिकामे. आपण तबल्यात ‘खाली’ म्हणतो तसंच काहीसं, तिथे पाऊल नसतं पण मात्रा असते. बहुतेक नवखे ती रिकामी मात्रा गिळतात आणि गाण्याच्या पुढे पळतात. तोंडाने ‘चार’ म्हणा, अगदी पुटपुटत. महोत्सवात बहुतेक ठिकाणी शिकवतात त्या पद्धतीत पुढाकार घेणारा पहिल्या मात्रेला डावा पाय पुढे टाकतो, साथ देणारा उजवा मागे. पुढाकार पुरुषाचाच असला पाहिजे असं काही नाही. सुरुवातीलाच शिकवणारा विचारतो, तेव्हा हवी ती बाजू घ्या.

टँगो तासाभरात येत नाही. ब्वेनोस आयरिस आणि मोंतेविदेओ या दोन बंदरांच्या वस्त्यांत वाढलेला हा नाच आहे, आणि त्याचा पहिला तास बहुधा नुसतं चालण्यात जातो. दोघांनी मिळून चालणं. लोक वैतागून उठून जातात. तुम्ही बसा, म्हणजे उभे राहा. वजन कुठे आहे हा प्रश्न इतक्या बारकाईने दुसरा कुठलाच नाच विचारत नाही. तुमचं वजन डाव्यावरून उजव्यावर गेलेलं समोरच्याला छातीशी कळायला हवं, हाताने ढकलून नाही.

रीतभात थोडक्यात. “नाचू या का?” असं विचारा. नकार आला तर “बरं” म्हणा आणि पुढे व्हा, कारण विचारू नका. तुम्हालाही कधीही “नको, जरा बसते” म्हणायचा हक्क आहे. गाणं अर्धं झालेलं असलं तरीही. हाताची जागा शिकवणारा दाखवतो, पाठीवर, खांद्याच्या पात्याशी. हात खाली सरकला तर सरळ सोडून बाजूला व्हा आणि कार्यकर्त्यांना सांगा, संकोच नको. व्हिडिओ काढायचा तर विचारून, आणि शिकवणाऱ्याने पूर्ण नाच करून दाखवला तेव्हाच, वर्ग चालू असताना मध्ये फोन उंचावून नाही.

फ्लामेंकोचा वर्ग दिसला तर एवढं बघा, पावलांचा आहे की टाळ्यांचा. टाळ्यांचा असेल तर डोळे मिटून जा. स्पॅनिशमध्ये टाळ्यांना पाल्मास म्हणतात. दोन प्रकारच्या असतात, एक बद्द, तळवे खोलगट करून, आणि एक खणखणीत, बोटं तळव्यावर मारून. बारा मात्रांच्या चक्रात जोर सरळ अंतरावर येत नाहीत, म्हणून कथकवाले आणि तबलेवाले तिथे रमतात. हाताच्या वळणासाठी मुलांना सांगतात ते मला फार आवडलं : फळ तोडा, खा, फेकून द्या. दहा मिनिटं नुसती अदृश्य सफरचंदं तोडत होतो आम्ही.

चुकलं की

चुकणार. चुकलं की पाय थांबवा, ताल थांबवू नका. जागच्या जागी गुडघ्यांनी किंवा टाळीने ठेका धरा, समेची, म्हणजे पहिल्या मात्रेची, वाट बघा आणि तिथे पुन्हा शिरा. मधूनच पळत जाऊन गाठायचा प्रयत्न केलात तर शेजारचे दोघे सोबत पडतात. गोलात हात धरलेले असतील तर सोडू नका. शेजारी तुम्हाला ओढून नेतील, गोल त्यासाठीच असतो. आणि शेजाऱ्याला “सॉरी, सॉरी” म्हणत बसू नका, त्याचंही मोजणं त्यामुळे चुकतं.

शिकवणाऱ्याला प्रश्न विचारायचा तर ‘पुन्हा दाखवा’ असं विचारू नका. ‘इथे वजन कोणत्या पायावर आहे?’ असं विचारा. अर्धा वर्ग मनातल्या मनात तुमचे आभार मानतो.

रविवारी

घरून निघण्याआधी मेगाब्लॉक बघा. मी एकदा मुलुंडला गाडीत बसून, धीमीची जलद झालेल्या गाडीतून, जिथे उतरायचं ते स्टेशन हात हलवत मागे जाताना पाहिलंय. काळा घोड्याकडे जायचं असेल तर आता भुयारी मेट्रोचं हुतात्मा चौक स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

रविवारी नवीन काही शिकू नका, निदान एक वर्ग तरी कालचाच पुन्हा घ्या. काल डोक्याने मोजलेलं आज पायांना आठवायला लागतं. हे झोपेत होतं, कसं ते तज्ज्ञ सांगतील, पण होतं. संध्याकाळी खुला मंच असतो, साल्सावाले त्याला ‘सोशल’ म्हणतात. तिथे शिकवणं नसतं, नुसतं संगीत असतं, आणि भिंतीला टेकलेल्या नवख्यांची एक रांग असते. तीन गाणी बघा, चौथ्याला शिरा. उघड्या मैदानात लाउडस्पीकर रात्री १० ला बंद होतो. म्हणून साडेनऊपर्यंत धीर गोळा करत बसलात तर घरी जायची वेळ होते.

सोमवारी

पोटऱ्या ओरडतील. कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवा, जमेल तेवढं चाला, नुसतं पडून राहिलात तर जास्त धरतात. सांधा सुजला असेल तर मात्र डॉक्टर, तेल चोळत बसू नका.

दोन दिवसांतल्या नाचांपैकी एखादा भांडी घासताना पायांत येत असेल. त्याचा वर्ग शोधा. साल्सा-बचाताचे वर्ग अंधेरी-वांद्र्याला ढिगाने आहेत. लोककला रीतसर शिकायची तर मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी कालिनाला आहे. आणि जाखडी शिकायची असेल तर कुठल्याच पत्रिकेत सापडणार नाही. श्रावणात परळ-लालबागच्या एखाद्या जुन्या चाळीखाली रात्री साडेनऊला उभे राहा. वरून मृदंग ऐकू आला की जिना चढा. मी गेल्या वर्षी चढलो. बाबांच्या मंडळातला एकच म्हातारा उरला होता. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, “चाळ आणलेस का?”